साडेआठशेची पवनचक्की आणि दीडशेची मोटर

घाईत असलेल्यांसाठी स्टार आधीच सांगून टाकतो. शाळेजवळच्या तयार मॉडेलच्या दुकानाला पाचपैकी एक. अरविंद गुप्तांच्या खेळण्यांच्या वेबसाइटला साडेचार. आमच्या नाशकात द्वारकेकडच्या रिवाइंडिंगवाल्याला, म्हणजे जळालेल्या मोटरी नव्या तारेने भरून देणाऱ्याला, पाच, आणि त्याचा चहा धरला तर सहा. घरात शाळेत जाणारं पोर असेल आणि त्याच्या डायरीत 'विज्ञान प्रदर्शनासाठी उपकरण आणणे' अशी चिठ्ठी आली असेल, तर मात्र पुढचंही वाचा. सातशे रुपये वाचतील.

मी एस.टी.च्या विभागीय कार्यशाळेत ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. डायनॅमो, अल्टरनेटर, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), वायपरच्या मोटरी, यातच हात काळे केले. त्यामुळे विजेच्या बाबतीत मला फसवणं जरा अवघड. तरी आमच्या घराला फसवलंच, कारण खरेदीला मी गेलो नव्हतो, मुलगा गेला होता.

नात सातवीत. चिठ्ठी आली तेव्हा हातात दोन आठवडे होते. मुलाने फोनवर शोधलं, तर 'सोपे दहा प्रकल्प' म्हणून जे काही निघालं ते सगळं मी माझ्या मुलाच्या शाळेतही पाहिलेलं होतं. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, जलचक्र, सिरिंजवर चालणारा जेसीबी. व्हिडिओ तर असे की नुसते दोन हात दिसतात, ग्लू गन दिसते आणि मागे गाणं वाजतं. बोलत कोणीच नाही. हे असं का होतं, तार इथंच का लावली, काही नाही. मुलगा अंबडच्या कंपनीत, त्या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट. म्हणाला, "आबा, एवढा वेळ कोणाला आहे? तयार मिळतं." आणि घेऊन आला.

दिसायला वस्तू देखणी होती, हे कबूल करायलाच हवं. दीड फुटाचा थर्माकोल, त्यावर हिरवा भुसा पसरून शेत केलेलं, दोन घरं, एक विहीर, मधोमध पवनचक्की आणि घरासमोर विजेचा खांब. खांबावर एलईडी. मागे बटण. बटण दाबलं की पातं गरगर फिरतं आणि खांबावरचा दिवा लागतो. पुढे छापील पट्टी: 'पवनऊर्जेपासून वीजनिर्मिती'. सोबत पाठ करायला अर्ध्या पानाची माहिती. किंमत ८५० रुपये.

नातीने दोन-तीनदा बटण दाबलं. मग फिरत्या पात्याला बोट लावून ते थांबवलं. दिवा तसाच लागलेला. तिने माझ्याकडे पाहिलं, परत बोट लावलं, परत तेच. म्हणाली, "आबा, ही पवनचक्की नाही. हा पंखा आहे."

मी सुरीने खालचा पुठ्ठा उचकटला. आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. तिच्यातून दोन फाटे काढलेले. एक फाटा पात्यामागच्या खेळण्यातल्या मोटरला, दुसरा एका रेझिस्टरमधून सरळ दिव्याला. पात्याचा आणि दिव्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. वीज तयार होणं लांबच, पवनचक्कीच वीज खात होती. आमच्याजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. तिथं वाफ टर्बाइनची पाती फिरवते आणि मग जनित्रातून वीज बाहेर पडते. आमच्या थर्माकोलवर सगळी गंगा उलटी.

यात गंमत अशी की खरी पवनचक्की करणं याहून महाग नाही. तीच खेळण्यातली मोटर उलटी वापरायची. तिचा दांडा बाहेरून फिरवला की तिच्या दोन तारांवर थोडी वीज मिळते. छोटा लाल एलईडी पेटवायला दोनएक व्होल्ट लागतात, त्यामुळे टेबलफॅनसमोर मोठं पातं धरावं लागेल, कदाचित गिअर लावावा लागेल, खटपट होईल. पण तोच तर प्रकल्प. दुकानदाराने नेमकी ती खटपट काढून टाकली आणि त्याचेच पैसे लावले.

मी मॉडेल पिशवीत घालून दुकानात गेलो. शांतपणे दाखवलं. दुकानदार माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "आजोबा, परीक्षक काय उघडून बघतात का?" पैसे परत मिळणार नाहीत, हवं तर बदल्यात ज्वालामुखी देतो म्हणाला. मी असताना एक बाई आल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत द्यायचं आहे म्हणून सूर्यमाला घेऊन गेल्या. त्या बाईंची चूक काढायला माझी जीभ रेटत नाही. नोकरी, स्वयंपाक आणि वर हे. दुकान चालतं ते याच घाईवर. त्याच दुकानात सुट्या मोटरी, एलईडी, तारा, क्लिपा मिळतात, भावही वाजवी आहेत. तेवढ्यासाठी जायला हरकत नाही. एक स्टार त्याचा.

आता गुप्तांच्या वेबसाइटबद्दल. अरविंद गुप्ता टॉईज डॉट कॉम. सूनबाईला कोणी तरी मैत्रिणीने सांगितली. उघडल्यावर पहिल्यांदा वाटलं की चुकून जुन्या काळात आलो. रंगरंगोटी नाही, उड्या मारणाऱ्या जाहिराती नाहीत, नुसत्या याद्याच याद्या. पण आत शिरलं की गोदाम आहे, आमच्या स्टोअरसारखं. कुठं काय ठेवलंय ते कळायला दोन दिवस लागतात, पण असतं सगळं. शेकडो खेळणी, प्रत्येकाचे पायरीपायरीने फोटो, एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ, त्यातले बरेच मराठीतून. वर पुस्तकं, तीही मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळी फुकट उतरवून घेता येतात. ना नाव विचारलं ना ओटीपी.

हा माणूस आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला होता. ट्रकच्या कारखान्यातला म्हटल्यावर मला तो लगेच आपला वाटला. १९७८ मध्ये वर्षभराची सुट्टी काढून मध्य प्रदेशात होशंगाबादकडे खेड्यातल्या शाळांना विज्ञान शिकवण्याच्या कामात गेला. तिथं आठवडी बाजारात मिळेल त्या वस्तूंतून त्याने ही खेळणी बसवली. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती. नंतर पुण्याच्या आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संस्थेत, मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं काढली. ते केंद्र पुलंच्या प्रतिष्ठानने दिलेल्या देणगीतून उभं राहिलं आणि इमारतीचं नावही पुलस्त्य, ही गोष्ट मला फार आवडली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

नातीने तिथं तीन दिवस नुसता धुडगूस घातला. स्ट्रॉची पिपाणी केली, ती वाजवून वाजवून आजीचं डोकं उठवलं. मग एका फोटोवर येऊन थांबली. मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तारेचं एक वेटोळं. एवढ्यावर मोटर फिरते. मला म्हणाली, "आबा, तुम्ही आयुष्यभर हेच करत होता ना?" म्हटलं, हो बायो, फक्त आमची बारा किलोची असायची.

यासाठी लागते इनॅमलची तार, म्हणजे मोटर भरायची तांब्याची तार, वर वार्निशचा थर असलेली. ही तार स्टेशनरीच्या दुकानात मिळत नाही, आणि मिळाली तर दोन मीटरच्या पुडीला साठ रुपये घेतात. पूर्वी मी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात गेलो असतो, जुना ट्रान्सफॉर्मर घेऊन फोडला असता. तो बाजार गेला. मग आठवलं, द्वारकेकडे गॅरेजांच्या गल्लीत एक रिवाइंडिंगवाला आहे, आमच्या वेळचा. पंपांच्या मोटरी भरतो. नातीला स्कूटरवर बसवून घेऊन गेलो.

त्याने आधी विचारलं, "कितवा गेज?" म्हणजे तार किती जाडीची; आकडा मोठा तशी तार बारीक. मी बोलणारच होतो, त्याने मला हाताने थांबवलं आणि नातीला विचारलं. तिला काय माहीत! मग त्याने तीन रिळांमधून वीतवीतभर तार तोडून तिच्या हातात दिली. म्हणाला, "याचं वेटोळं कर आणि उभं धर. जी तार लोळेल ती नको. जी वळायलाच नाटकं करते ती पण नको." ३४ गेज लोळली, १८ गेज वळेना. २६ ठरली. हे अर्ध्या मिनिटात झालं, पण यातलं एक अक्षर मला कुठल्या व्हिडिओत दिसलं नव्हतं. ५० ग्रॅम तार तोलून दिली, ४० रुपये घेतले. या जाडीची ५० ग्रॅम म्हणजे तीसेक मीटर, तीन पोरांचे प्रकल्प होतील. चुंबक दिलं नाही. म्हणाला, घरी जुना स्पीकर असेल तो फोड. होता, फोडला.

आता जरा बारकाईने सांगतो, कारण घोडं इथंच पेंड खातं. सेलवरच दहा वेढे गुंडाळून वेटोळं करायचं. दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढायची. सेलच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन उभी, जुन्या सायकल ट्यूबचा पट्टा करून वरून आवळायची. पिनांच्या भोकांतून वेटोळ्याची टोकं ओवायची. खाली सेलवर चुंबक. टोकांवरचं वार्निश ब्लेडने खरवडलं नाही तर वीज आत शिरतच नाही. नातीने दोन्ही टोकं मन लावून, चकचकीत होईपर्यंत चहूबाजूंनी खरवडली. ठेवलं. वेटोळं हललं, अर्धं वळलं, परत मागे आलं. नुसतं पाळण्यासारखं झुलत राहिलं.

मला कारण ठाऊक होतं. बोललो नाही. सूनबाई स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाली, "आबा, सांगा की तिला." नाही सांगितलं. पोरगी परत फोनवर गेली, फोटो मोठा करून पाहिला आणि ओरडली, "एका टोकाला अर्धंच खरवडायचंय!" एक टोक पूर्ण, दुसरं फक्त एका अंगाने. म्हणजे अर्ध्या फेऱ्यात वीज मिळते, चुंबक वेटोळ्याला ढकलतं. उरलेल्या अर्ध्यात वीज बंद, वेटोळं आपल्या झोकात पुढे जातं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर दुसऱ्या अर्ध्यात तोच धक्का उलटा बसतो, म्हणून झोका. बसच्या सेल्फमध्ये उलटा धक्का टाळायचं हेच काम कार्बन ब्रश आणि कम्युटेटर (फिरत्या दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या) करतात. मी आयुष्यभर ते कम्युटेटर पॉलिश पेपरने घासले. इथं तो कम्युटेटर म्हणजे तारेच्या टोकावरचं अर्धं वार्निश. नवी तार घेऊन केलं, बोटाने हलकी टिचकी मारली आणि वेटोळं असं फिरलं की नुसता तांबडा गोळा दिसायला लागला. खरं सांगतो, मीही उठून उभा राहिलो.

इथंच वेबसाइटचा अर्धा स्टार कापतो. खेळणं मिळतं, प्रश्न मिळत नाही. फिरली मोटर, वाजवल्या टाळ्या, पुढे काय? प्रदर्शनात परीक्षक विचारणारच, यात तू काय शोधलंस? तिथं पुढचं कोणी सांगत नाही. शिवाय काही खेळण्यांना कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्या लागतात. त्या आता कुठून आणायच्या? सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मिळवायलाही मला तीन दुकानं फिरावी लागली, पोरगा काउंटरवरून म्हणतो, ते काय असतं.

प्रश्न नातीनेच काढला, तोही वाकड्या वाटेने. दहा वेढ्यांना एवढी फिरते तर चाळीस वेढ्यांना चौपट फिरेल का? झालं, प्रकल्प मिळाला. पाच, दहा, वीस आणि चाळीस वेढ्यांची चार वेटोळी केली. फेऱ्या मोजायच्या कशा? सूनबाईच्या फोनमध्ये स्लो मोशन आहे, सेकंदाला २४० फ्रेम, ते ३० च्या चालीने दिसतं. म्हणजे पडद्यावरची ८ सेकंदं हा खरा एक सेकंद. वेटोळ्याला एका जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि तो किती वेळा वर येतो ते मोजलं. हे डोकं पूर्णपणे त्या दोघींचं.

पहिल्या दिवशीचे आकडे असे. पाच वेढे टिचकीपुरते फिरून थांबले. दहाला सेकंदात १२ फेऱ्या, वीसला ९, चाळीसला ४. नातीने वहीत लिहूनही टाकलं, 'वेढे वाढले की वेग कमी होतो.' मी म्हटलं, सेलला हात लाव. सेल कोमट. अशा मोटरला तारेचा अडथळा जवळजवळ नसतोच, सेल धडाधड रिकामा होतो. म्हटलं, उद्या नवा सेल घे आणि उलट्या क्रमाने मोज, आधी चाळीस. मोजलं. चाळीसला ८, वीसला १२, दहाला ७. ती वही घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, "आबा, कालचं दहा आणि आजचं दहा वेगळं कसं? जे आधी लावतो त्याला ताजा सेल मिळतो." मला वाटतं, ८५० रुपयांत विकत मिळत नाही ते हे वाक्य. मग प्रत्येक वेटोळ्याला नवा सेल. दहाला १२, वीसला १५, चाळीसला ८. वेढे वाढले की चुंबकाचा धक्का वाढतो, पण चाळीस वेढ्यांचं वजन सहा ग्रॅमवर जातं, टोकं वाकतात, पिनेत घासतात. वाढतं आणि मग पडतं. तिने आलेख काढला, आणि चुकलेले दोन्ही दिवसही तक्त्यावर लावले. ते काढून टाक असं तिच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, नातीने ठेवले.

हिशोब: तार ४०, पाच सेल १००, पिना १०. नेलपॉलिश आईची, चुंबक जुन्या स्पीकरचं.

माहितीसाठी बालभारतीची पुस्तकंही त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, कुठल्याही इयत्तेची. सातवीच्या पोराला दहावीचा विजेचा धडा वाचायला कोणी अडवत नाही. मोटरला तिथं विद्युत चलित्र म्हणतात. नातीने तक्त्यावर तेच मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि परीक्षकांसमोर स्वतःच मोटर म्हणाली. आणखी एक: केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना आहे, शाळेमार्फत मुलाची कल्पना पाठवतात. निवड झाली तर उपकरण करायला १०,००० रुपये थेट त्याच्या खात्यात येतात. त्यात कल्पना मुलाची स्वतःची लागते, त्यामुळे थर्माकोलच्या दुकानाचा तिथं उपयोग नाही. शाळेत विचारून ठेवा, पुष्कळ शाळा आपणहून सांगत नाहीत.

प्रदर्शनात परीक्षक सरांनी तिला चुंबक उलटं ठेवायला सांगितलं. ठेवलं, मोटर उलटी फिरली. हे आम्ही घरी करून पाहिलंच नव्हतं, तिथंच कळलं. नंबर उत्तेजनार्थ. पहिला नंबर ठिबक सिंचनाला गेला, चांगलं केलं होतं पोराने, मातीतला ओलावा मोजत होता. आणि आमच्यासारखीच पवनचक्की आणखी तीन टेबलांवर होती, तीच घरं, तीच विहीर. नात तिन्ही ठिकाणी जाऊन पात्याला बोट लावून आली.

आमची पवनचक्की कपाटावर पडून होती. परवा रात्री पाऊस झाला आणि लाइट गेली. मेणबत्ती सापडेना, इन्व्हर्टर नाही, माझ्या फोनची बॅटरी संपलेली. सूनबाईला काय सुचलं, तिने स्टुलावर चढून ते थर्माकोलचं गाव खाली काढलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. खांबावरचा दिवा लागला, पातं फिरलं, ताटावर थोडं वारंही आलं. पाऊण तास त्या उजेडात जेवलो. दुकानाला अर्धा स्टार वाढवून दीड करतो.